तोंडावरचे मुरूम आणि दारातले पाहुणे

तलवाड्याची ती बैठक खरं तर रेशनकार्डांसाठी बोलावलेली होती. ऊसतोडीहून परतलेल्या बाया, कुणाचं नाव कार्डातून गळालेलं, कुणाचा झिजलेला अंगठा मशीनवर उमटत नाही, अशी सगळी गाऱ्हाणी. गेवराई तालुक्यातलं हे गाव त्वरितादेवीच्या ठाण्यामुळे लोकांना माहीत. आम्हांला ते माहीत झालं कोयत्याच्या प्रश्नामुळे. दुपारी कागदपत्रं आटोपली, चहा झाला, बाया उठून गेल्या. मागे भिंतीला टेकलेल्या सहा-सात मुली मात्र हलेनात. त्यातल्या एकीने भर मे महिन्यात ओढणी नाकापर्यंत ओढून घेतलेली. शेवटी तिची मावशीच म्हणाली, "ताई, हिच्या तोंडाचं कायतरी सांगा बरं. दोन ठिकाणचे पाव्हणे चहा पिऊन गेले, निरोप काय येईना."

सतराव्या वर्षी पाहुणे कशाला, हे आम्ही मावशीला विचारलंच, आणि त्यावर वेगळं भांडणही झालं. ते होईपर्यंत ओढणी खाली आली होती. गाल लालबुंद, कातडी इतकी पातळ की खालच्या बारीक शिरा दिसत होत्या. गालावर, हनुवटीवर लव वाढलेली आणि त्यातून मुरूम. चुलीपुढे बसलं की आग होते, उन्हात गेलं की आग होते, असं ती म्हणाली. पर्समधून तिने एक पिळून चपटी झालेली ट्यूब काढली. दुकानातून आणलेली, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय. "आधी लई गुण आला व्हता. आठ दिवसांत तोंड साफ. गोरं पन दिसाया लागलं. आता लावलं नाही तर जास्तच उठतंय."

ट्यूबवर बारीक इंग्रजी अक्षरांत औषधाचं नाव होतं. ते स्टिरॉइड होतं. मुरमांवर जे कधीच लावू नये, ते ही मुलगी दीड वर्ष सकाळ-संध्याकाळ लावत होती. दुकानात तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. आम्ही तरी कुठे सांगितलं होतं?

या अंकाचं संपादकीय मुरमांवर लिहायचं ठरलं तेव्हा आमच्यातल्याच दोघी-तिघींना ते पटलं नाही. चळवळीच्या नियतकालिकात सौंदर्याचे सल्ले कशाला? त्यामागची भावना आम्हांला समजते, कारण ती आमचीच होती. १९९४ साली भारताला एकाच वर्षात दोन जागतिक सौंदर्यमुकुट मिळाले, १९९६ साली बंगळूरला विश्वसुंदरी स्पर्धा झाली आणि तिच्याविरुद्ध संघटना रस्त्यावर उतरल्या. बाईच्या शरीराचा बाजार मांडू नका, हे आपण ठणकावून सांगितलं. ते बरोबरच होतं. पण त्या घोषणांच्या भरात, क्रीम लावणारी मुलगी म्हणजे बाजाराला भुललेली मुलगी, असं आपण मनातल्या मनात धरून बसलो. तिच्या चेहऱ्यावर खरोखर काहीतरी दुखतं आहे, पिकतं आहे, आणि ते का होतं हे तिला कुणीतरी समजावून सांगायला हवं, हे आपल्या आरोग्य-शिबिरांच्या यादीत आलंच नाही. पाळीवर बोललो, अंगावर पांढरं जाण्यावर बोललो, रक्त कमी असण्यावर बोललो. चेहरा सोडून दिला, आणि तो ट्यूबवाल्यांनी उचलला.

तर आधी मुरूम म्हणजे काय ते पाहू. मराठवाड्यात मुरूम म्हटलं की रस्त्यावर टाकायची लाल माती आठवते, आणि चेहऱ्यावरचा मुरूमही मातीधुळीमुळेच होतो असं बहुतेकींना वाटतं. तसं नाही. आपल्या त्वचेवर प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक नळी असते. त्या नळीत तेलाची ग्रंथी उघडते. तेल केसाच्या कडेने वर येतं आणि कातडी मऊ ठेवतं. वयात येताना शरीरात जी संप्रेरकं वाढतात, त्यांतली काही, जी 'पुरुषी' म्हणून ओळखली जातात पण बाईच्या शरीरातही असतातच, या ग्रंथींना मोठं करतात. तेल जास्त येतं. त्याच वेळी नळीच्या आतल्या मेलेल्या पेशी नीट झडून जात नाहीत, चिकटून बसतात. तेल आणि पेशी यांचं बूच तयार होतं आणि रंध्र बुजतं. तोंड उघडं राहिलं तर काळा ठिपका दिसतो. तो काळेपणा मळाचा नसतो. हवेशी संबंध येऊन तेलाचा आणि रंगद्रव्याचा रंग बदललेला असतो. म्हणून घासून तो जात नाही. तोंड बंद असलं तर पांढरी पुटकुळी. आत अडकलेल्या तेलावर त्वचेवरचेच नेहमीचे जंतू वाढले की सूज येते, लाल होतं, पू धरतो. ती नळी आतल्या आत फुटली की व्रण राहतो. पाळीच्या आधी चार-आठ दिवस मुरूम वाढतात, ते याच संप्रेरकांच्या चढउताराने.

हे एवढं साधं चित्र फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मंजी आमचं रगत खराब नाही?" नाही. रक्त खराब नाही, 'अंगातली उष्णता' बाहेर पडत नाही, मनात काही वाईट विचार आले म्हणून पुटकुळी येत नाही, आणि लग्न झालं की आपोआप जातात हेही खरं नाही. शेवटचा समज तर फारच सोयीचा आहे. मुलाच्या तोंडावर मुरूम आले की घरात हसतात, पोरगा वयात आला म्हणतात. मुलीच्या तोंडावर आले की तिच्या खाण्यापिण्यावर, वागण्यावर आणि शेवटी तिच्या लग्नावर येऊन थांबतात.

खाण्याचं निघालंच आहे तर सांगतो. गावोगावी आम्ही पाहिलं की मुरूम दिसले की मुलीचे शेंगदाणे बंद, अंडं बंद, कुठे दूध बंद. आधीच ज्या मुलींच्या ताटात सगळ्यांत शेवटचं आणि सगळ्यांत कमी पडतं, त्यांचा हा उरलासुरला घासही या निमित्ताने काढून घेतला जातो. खूप गोड, बिस्किटं, मैद्याचे पदार्थ, शीतपेयं यांनी काहींचे मुरूम वाढतात असं अभ्यासांतून दिसतं. ते कमी करायला हरकत नाही. दुधाबद्दलही काही जणींच्या बाबतीत तसं दिसलं आहे, पण वाढत्या मुलीचं दूध तोडावं इतका तो पुरावा नाही. शेंगदाणे आणि अंडी खुशाल खावीत.

आता काळजी काय घ्यायची. बीडच्या उन्हाळ्यात, टँकरची वाट बघणाऱ्या घरात, 'दिवसातून आठ वेळा तोंड धुवा' असं सांगणाऱ्या मासिकांचा राग येतो. त्याची गरजही नाही. दोनदा, फार घाम आला तर तिसऱ्यांदा, तांब्याभर पाण्याने साध्या सौम्य साबणाने धुतलं की पुरे. जास्त धुतलं, खरखरीत कापडाने किंवा दगडाने घासलं तर कातडी चिडते आणि रंध्रं जास्तच बुजतात. वाफ घेतल्याने रंध्रं उघडतात आणि गार पाण्याने मिटतात, हेही ऐकीव आहे; रंध्राला दारासारखी झडप नसते. हळद-बेसनाने फारसं नुकसान नाही, फारसा गुणही नाही. लिंबू मात्र लावू नका, लावून उन्हात गेलात तर कातडी भाजून काळे डाग पडतात. टूथपेस्टही नको. आणि फोडू नका. हे सांगणं सोपं, पाळणं कठीण, हे आम्हांलाही ठाऊक आहे. पण सावळ्या कातडीवर फोडलेल्या मुरमाचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, आणि मुलींना मुरमापेक्षा त्या डागाचंच दुःख जास्त असतं.

केसांना चोपडून तेल लावून रात्री तसंच झोपणं ही आपल्याकडची रीत. ते तेल कपाळावर उतरतं आणि कपाळाच्या कडेने बारीक पुटकुळ्यांची रांग उठते. तेल लावू नका असं म्हणणं नाही. केसांना लावा, कपाळावर येऊ देऊ नका, उशीचा अभ्रा धूत जा.

ऊसतोडीच्या बायांचं आणखी वेगळं. पहाटे अंधारात फडात जायचं, डोक्याला फडकं घट्ट गुंडाळायचं, त्यावर चुंबळ, त्यावर मोळी. घाम, दाब आणि घर्षण तिन्ही एकाच जागी. कपाळावर, मानेवर फोड येतात ते याने. कोपीवर अंघोळीला आडोसा नाही, पाणी लांब, म्हणून बाया घामाच्या कपड्यांतच स्वयंपाकाला बसतात. पाठीवरच्या आणि छातीवरच्या घामोळ्या हा या सगळ्याचा सख्खा भाऊ: तिथे तेलाचं नाही, घामाच्या नळीचं तोंड बुजतं. त्याला सुती सैल कपडे, वारा आणि अंग कोरडं ठेवणं हाच उपाय. आता नायलॉनच्या साडीवर जुना फुलशर्ट चढवून पात्याने अंग कापू नये म्हणून काळजी घेणाऱ्या बाईला 'सुती, सैल' म्हणायला आमची जीभ अडखळते. कारखान्याच्या तळावर न्हाणीघर आणि पाणी मागणं ही मागणी त्वचारोगाच्या उपचारातही मोडते, एवढं मात्र मुकादमांना आणि कारखान्यांना सांगता येईल.

एवढ्याने भागलं नाही तर औषधं आहेत, आणि ती चांगली आहेत. सौम्य मुरमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल, शक्यतो अडीच टक्क्यांचं. एकेका फोडावर ठिपका देण्यापेक्षा जिथे मुरूम येतात त्या सगळ्या भागावर पातळ थर लावायचा. सुरुवातीला कातडी कोरडी पडते, थोडी चुणचुणते. तेव्हा दिवसाआड लावावं. कपड्यांचा रंग उडवतं, म्हणून जुनी उशी घ्यावी. दुसरं ॲडापलीन, रात्री वाटाण्याएवढं. ते रंध्रातलं बूचच सैल करतं. मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचं, आणि दिवस गेले असतील किंवा जाण्याची शक्यता असेल तर नाही. प्रतिजैविकाचं मलम एकटंच महिनोन्‌महिने लावू नये, जंतू त्याला दाद देईनासे होतात. आणि या सगळ्यांचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. हे वाक्य मुलींना दोनदा सांगा. कारण आठ दिवसांत जे तोंड साफ करतं, तिथेच घोटाळा असतो.

स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. इसब, सोरायसिस अशा आजारांत, योग्य ठिकाणी, ठरावीक दिवस वापरलं तर ते मोठा आराम देतं. त्याचं काम सूज दाबणं. म्हणून मुरमाची लाली पहिल्या आठवड्यात नाहीशी होते. कातडीचा रंगही उतरतो आणि मुलीला वाटतं, गोरी झाले. पण आत कातडी पातळ होत जाते, शिरा फुगतात, लव वाढते, आणि ज्यासाठी लावलं ते मुरूमच पुन्हा, आधीपेक्षा जास्त येतात. बंद केलं की तोंड भडकतं, म्हणून परत लावायचं. हे व्यसनच. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी अशा चेहऱ्यांना स्वतंत्र नाव द्यावं इतके ते आपल्याकडे झाले. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने बाहेरून लावण्याची चौदा स्टिरॉइडं 'शेड्यूल एच' मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा झाला. तलवाड्याच्या मुलीला ट्यूब त्यानंतर किती वर्षांनी मिळाली, ते वाचणारीने मोजावं.

म्हणून नावं ओळखायला शिकू या. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काहीही छापलेलं दिसलं तर ते स्टिरॉइड. कधी ते एकटं असतं, कधी बुरशीच्या औषधात मिसळलेलं, कधी वांगावरच्या तीन औषधांच्या मिश्रणात. मुरमांवर यांतलं एकही नको. आणि ज्या मुली महिनोन्‌महिने लावत आल्या आहेत त्यांनी घाबरून एका दिवसात फेकून देऊ नये. चेहरा इतका भडकतो की त्या परत दुकानात जातात. डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या देखरेखीखाली सोडवावं लागतं. पातळ झालेली कातडी बरीचशी सावरते, पण वेळ लागतो.

ज्या डबीवर काहीच छापलेलं नाही ती याहून वाईट. २०२३ साली अकोल्याच्या एका घरातल्या तिघी, तरुण मुलगी, तिची आई आणि बहीण, मूत्रपिंडाच्या आजाराने मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत पोचल्या. तिघी एकच गोरेपणाचं क्रीम वापरत होत्या, पार्लरमधून घेतलेलं. तपासणीत त्यात पारा निघाला. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातूनही असेच रुग्ण पुढे आले. पारा कातडीचा रंग बनू देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची गाळणी बिघडवतो. पाय आणि तोंड सुजतं, लघवीला फेस येतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये मुद्दाम पारा घालता येत नाही. नकळत आला तर दहा लाखांत एक भाग, त्यापुढे नाही. पण नियम लेबल असलेल्या डबीला शोधून काढतो. हाताने भरलेली, ओळखीतून आलेली डबी त्याला सापडत नाही, ती आपल्यालाच शोधावी लागेल. १९७५ पासून बाजारात असलेल्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० साली आपल्या नावातून 'फेअर' हा शब्द काढला, त्याचं कौतुकही झालं. पाहुण्यांच्या तोंडून तो शब्द अजून गेलेला नाही.

पाहुण्यांचा संबंध औषधाशी आणखी एका ठिकाणी येतो, आणि यावर आम्ही कुठे फारसं बोललेलं ऐकलं नाही. फार खोल, व्रण पाडणाऱ्या मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात. गुण मोठा आहे. पण त्या घेत असताना दिवस गेले तर बाळात गंभीर व्यंग होऊ शकतं. म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी एक महिना, चालू असताना आणि थांबवल्यावर एक महिना गर्भ राहता कामा नये, तशी तपासणीही करावी लागते. आता बीड जिल्ह्याचा विचार करा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इथल्या वीस ते चोवीस वर्षांच्या दहा स्त्रियांमागे चौघींहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. इथे तारीख ठरते आणि पंधरा दिवसांत मांडव पडतो. मुलगी गोळ्यांचं पाकीट पिशवीत घालून सासरी जाते. डॉक्टर विचारत नाहीत, कारण 'कुमारिका आहे'. आई सांगत नाही, कारण 'लग्नाचं डॉक्टरला कशाला'. मुलीला बोलायला जागाच नाही. ज्या कार्यकर्त्या मुलींसोबत दवाखान्यात जातात त्यांनी एवढं करावं: डॉक्टरांना सांगून मुलीशी दोन मिनिटं एकटीने बोलायला लावावं, आणि लग्न ठरलं तर गोळी थांबवून आधी येऊन दाखव, असं तिच्या कानावर घालावं.

मुरमांबरोबर पाळी दोन-तीन महिन्यांनी येत असेल, हनुवटीवर राठ केस असतील, वजन झपाट्याने वाढत असेल तर तपासून घ्यायला हवं. बीजकोशांशी संबंधित संप्रेरकांचा बिघाड असू शकतो. तो औषधांनी आणि राहणीतल्या बदलांनी आटोक्यात येतो. 'हिला मूल होणार नाही' असा त्याचा अर्थ नसतो, आणि 'पिशवी काढून टाका' असा तर मुळीच नसतो. बीडमध्ये हे मुद्दाम लिहावं लागतं. २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत, जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीची कुठलीही तक्रार घेऊन गेलेल्या बाईला ज्या जिल्ह्यात ही वाट दाखवली गेली, तिथे मुलीच्या मुरमापासून सुरू झालेला प्रश्न कुठे नेऊन सोडला जाईल याचा भरवसा नाही. सोबत जा, कागद मागा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

दाखवायचं कुठे? सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिकची योजना आहे. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात ते कोणत्या वारी उघडतं की नुसतीच पाटी आहे, हे जाऊन बघा. जिल्ह्यात अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, बाजूला छत्रपती संभाजीनगरची घाटी. दोन्हीही तलवाड्याहून लांब. एक दिवसाची मजुरी आणि दोघींचं एसटीभाडं, अर्धं तिकीट झालं तरी. समोरच्या दुकानातली ट्यूब म्हणूनच जिंकते.

त्या मुलीला आम्ही घाटीत नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी ट्यूब हळूहळू सोडवायचं वेळापत्रक लिहून दिलं, उन्हात ओढणी ठेवायला सांगितली आणि तीन महिन्यांनी बोलावलं. मधे एकदा तोंड फार भडकलं, तेव्हा मावशीचा फोन आला की परत तेच लावू का. मुलीनेच मागून ओरडून 'नाही' म्हटलं, ते फोनवर ऐकू आलं.

पुढच्या अंकासाठी एक काम. तुमच्या गटातल्या बैठकीत प्रत्येकीला घरातली ट्यूब, डबी, रिकामं खोकं आणायला सांगा. मुली जितक्या आणतील तितक्या आयाही आणतील, असा आमचा तलवाड्याचा अनुभव आहे. त्यावरची औषधाची नावं मोठ्याने वाचा, वहीत उतरवा, कुठून घेतली आणि चिठ्ठी होती का तेही. मुलींची नावं लिहू नका. ती यादी आमच्याकडे पाठवा. चार-पाच तालुक्यांची गोळा झाली की अन्न व औषध प्रशासनाकडे घेऊन जायची आहे.